आक्षीला पक्षी बघायला निघालात? या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडला की माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन येतात. "अगं, तू सांगितलंस म्हणून आक्षीला जाऊन आलो. काही नव्हतं तिथे. चार बगळे आणि सतरा कुत्री." मी विचारते, तिथी कोणती होती? पलीकडे शांतता. रविवार होता, एवढं सगळ्यांना आठवतं.

आक्षी म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवरचं गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, सुरूचं बन, त्यापलीकडे सपाट, लांबलचक पुळण आणि उत्तरेला साखर गावाच्या बाजूला खाडीचं तोंड. ऑक्टोबर ते मार्च या पुळणीवर कुरव, सुरय, चिखले, तुतवार, टिलवे अशा किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचे थवे उतरतात. सोबत अलिबागसारखं पायी फिरण्याजोगं गाव. एका निवांत दिवसाला आणखी काय लागतं? तरीही माणसं हात हलवत परत येतात, आणि बहुतेकदा एकाच कारणाने.

पहाटे लवकर पोचणं

हो, ही चूक आहे. जंगलात पहाट चांगली म्हणून समुद्रावरही पहाट चांगली, हा हिशोब मीसुद्धा केला होता. वीसेक वर्षं झाली असतील. मी आणि ऑफिसातली एक मैत्रीण आदल्या रात्री आक्षीत मुक्कामाला, साडेपाचचा गजर, थर्मासमध्ये चहा. बॅटरीच्या उजेडात सुरूच्या बनातून बाहेर पडलो तर समोर समुद्रच नाही. नुसती ओली वाळू. उजाडल्यावर फार लांब, पाण्याच्या कडेला, मोहरी सांडावी तसे ठिपके हलताना दिसले. तेच आमचे पक्षी.

शहाण्या माणसाने तिथेच बसून चहा प्यायला असता. आम्ही ठिपक्यांच्या दिशेने चालायला लागलो. जेवढं आम्ही जवळ जावं तेवढं पाणी मागे आणि पाण्याबरोबर पक्षीही मागे. मग वाळू संपून गाळ सुरू झाला. माझी उजवी चप्पल गाळाने घेतली ती घेतलीच. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं, हाती एक फुटका शंख आला. तेवढ्यात खुबे गोळा करायला निघालेली एक कोळीण मावशी टोपली कमरेवर घेऊन जवळून गेली. आमच्या अवताराकडे बघून म्हणाली, "आज आवस हाय. पानी दुपारला भरंल. तवा बसा हितं, पाखरं आपसूक येतान."

एवढं ऐकून तरी अक्कल यावी? आम्ही पाय धुतले, मी गावात जाऊन रबरी चपला घेतल्या आणि बारा वाजता कुलाबा किल्ला बघायला अलिबागच्या किनाऱ्यावर हजर. किल्ला चहूबाजूंनी पाण्यात. म्हणजे ज्या वेळी आक्षीला बसायला हवं होतं त्या वेळी आम्ही किल्ल्यासमोर उभ्या, आणि ज्या वेळी किल्ल्यात चालत जाता आलं असतं तेव्हा आक्षीच्या गाळात चप्पल शोधत होतो. एका दिवसात दोन्ही वेळा उलट्या पडायला अमावास्येसारखा मुहूर्त नाही.

तेव्हापासून मी घड्याळ न बघता तिथी बघते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच, आणि त्याच सुमारास दिवसाही भरती आणि रात्रीही. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा निघतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास पाणी भरतं. म्हणजे अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरायचा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. नेमकी वेळ मोबाईलवर मिळते, ती जरूर बघा; पण महिनाभर आधी कुठला शनिवार धरायचा हे ठरवायला भिंतीवरची दिनदर्शिका आणि पाऊणकीचा पाढा पुरतो. नवशिक्यांना हा पाढा सांगितला की ते हसतात आणि अॅप उघडतात. उघडा बापडे. पण उघडा तरी!

आता भरतीच का? सुकतीला पुळणीची रुंदी इतकी वाढते की पक्षी पार विखुरतात. किडे, शिंपले, खेकडे सगळीकडे उघडे पडलेले असतात, मग त्यांनी तुमच्याजवळ यायचं कारण काय? पाणी चढू लागलं की त्यांचं ताट लहान होत जातं आणि ते पाण्याबरोबर किनाऱ्याकडे सरकतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास, हीच ती वेळ. मी सुरूच्या कडेला, झाडाच्या सावलीत, एक घडीचं स्टूल टाकून बसते आणि उठत नाही. पक्ष्यांच्या मागे मी जायचं नाही, पाण्याने त्यांना माझ्याकडे आणायचं. अर्ध्या तासाने टिलवे इतके जवळ येतात की दुर्बीण खाली ठेवावी लागते.

त्यात उन्हाची बाजूही बघायची. हा पश्चिमेचा किनारा. सकाळी सूर्य पाठीशी असतो, पक्ष्यांचे रंग, पायांचे रंग, चोचीचा बाक सगळं लख्ख दिसतं. संध्याकाळी त्याच जागी बसलात तर पाणी चांदीचं आणि पक्षी कोळशाचे. फोटो झकास येतात, ओळखता एकही येत नाही. थोडक्यात, सकाळची भरती हवी. मुक्काम करणार असाल तर एकादशी-द्वादशी, मुंबईहून त्याच दिवशी पहिल्या बोटीने येणार असाल तर त्रयोदशी-चतुर्दशी. या दिवसांत सुकती दुपारी अडीच ते पाचच्या मध्ये पडते, म्हणजे जेवून, जरा लवंडून किल्ल्यात चालत जाता येतं. दिवस आपोआप बसतो. अष्टमीच्या आसपास मात्र जाऊ नका. तेव्हा भांग असतो, पाणी धड चढत नाही आणि धड ओसरतही नाही.

थव्यात शिरणं

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी नवा कॅमेरा घेऊन आला. लेन्स माझ्या हाताएवढी. त्याला मी सुरूखाली बसवलं, म्हटलं तासभर थांब. समोर पाऊणशे पावलांवर चिखल्यांचा थवा, दोन-अडीचशे तरी असतील, मध्ये टर्नस्टोन, मागे पाच-सहा ऑयस्टरकॅचर, म्हणजे आपले कालवफोड्या, लाल चोचीचे. भरती आणखी तासभर चढणार होती. दहा मिनिटांत तो चुळबुळायला लागला. "आत्या, जरा पुढे जाऊन येतो, वाकून जातो." वाकून गेला म्हणजे माणूस पक्ष्यांना बगळा वाटतो, अशी काहीतरी समजूत असावी. वीस पावलं गेला नि पहिला चिखल्या उडाला. मग सगळाच थवा, एका अंगाने पांढरा, वळल्यावर करडा, पुन्हा पांढरा, आणि थेट साखरच्या दिशेने. परत आलाच नाही. आमची उरलेली सगळी भरती रिकामी. त्याला मिळालेल्या एकशे चाळीस फोटोंत एकशे चाळीस शेपट्या आहेत.

मला राग फोटोचा नाही. भरतीच्या वेळी हे पक्षी विश्रांतीला उभे असतात, कारण जेवणाची जागा पाण्याखाली गेलेली असते. एका पायावर, चोच पिसांत खुपसून. जे कमावलं ते अंगावर चढायला हवं, कारण त्यातले बरेचसे मार्च-एप्रिलमध्ये तिबेट, मध्य आशिया, सायबेरियाकडे परत निघतात. हे पक्षी काय ताकदीचे असतात म्हणाल, तर २०२२ मध्ये शेपटीवर पट्टे असणाऱ्या एका गॉडविटने अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर अकरा दिवसांत न थांबता पार केले, तेही जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू असताना. हे बळ येतं चरबीतून. आपण त्यांना उगाच उडवतो तेव्हा तीच जाळतो.

जवळ किती जायचं याचं मी फूटपट्टीने उत्तर देत नाही. पक्षी सांगतात. पिसं साफ करणं थांबलं, चोची बाहेर आल्या, माना ताठ झाल्या की तुम्ही एक पाऊल जास्त टाकलेलं आहे. थांबा, बसा, नाहीतर उलटे फिरा. आणि कुत्रा घरी ठेवा. "आमचा काही करत नाही हो" हे मी ऐकलेलं आहे.

एकदा बसायची सवय लागली की काय दिसतं ते सांगते. मागच्या जानेवारीत माझ्यापासून तीस पावलांवर एक कोरल उतरला, कोयत्यासारख्या लांब चोचीचा. चोच बिळात मुळापर्यंत घातली, मान तिरकी केली, खेकडा ओढून काढला. मग त्याला झटकायला लागला. एक नांगी गळाली. पुन्हा झटका, एक पाय. पाण्यात बुचकळला, परत झटकला. शेवटी नुसता गोटा उरला तेव्हा गिळला, आणि मग वाकून पडलेल्या नांग्या एकेक करून वेचल्या. दोन मिनिटांचा खेळ. माझ्या शेजारून तेवढ्या वेळात तीन कुटुंबं सेल्फी काढून गेली.

बोटीवर कुरवांना खाऊ घालणं

मुंबईच्या गेटवेहून अलिबागजवळच्या मांडवा बंदरात येणाऱ्या बोटीमागे हिवाळ्यात कुरवांचा थवा लागतो. दृश्य सुंदर, शंकाच नाही. मग कोणीतरी पिशवी फोडतं आणि शेव, गाठे, चिप्स हवेत. मीठ आणि तेल लावलेलं बेसन हे कुरवाचं अन्न नव्हे. त्याने मासे खावेत. हटकलं तर उत्तर मिळतं, "काकू, पुण्याचं काम आहे." मी हल्ली हटकत नाही. पोरांना जवळ बोलावून दुर्बीण देते आणि सांगते, डोळा कुठल्या रंगाचा दिसतो बघ. मूल दुर्बिणीत गुंतलं की आईबापांच्या हातातली पिशवी आपोआप खाली येते. एवढा एकच उपाय मला लागू पडलेला आहे.

डोळ्याचा रंग मी उगाच विचारत नाही. नवशिक्यांची पुढची चूक तिथेच आहे.

घाईने नाव ठेवणं

काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव, ही नावं वाचून लोक काळी-तपकिरी डोकी शोधतात. हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी! कानामागे एक डाग उरतो, तोही दोघांना. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याचा डोळा फिका असतो आणि उडताना काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके, आरसे म्हणतात त्यांना, दिसतात. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. मार्चमध्ये टोप्या चढायला लागतात तेव्हा मात्र नावं शोभतात. मोठ्या आकाराच्या कुरवांच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडूच नका. त्यांना प्रौढ रंग यायला चार वर्षं लागतात, तुम्हालाही ते ओळखायला तेवढीच लागतील.

समुद्र बगळा पांढराही असतो आणि पाटीसारखा करडाही. यादीत दोन पक्षी म्हणून लिहू नका.

पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अॅपने सांगितलं म्हणून ते खरं, असंही नाही. अॅप नाव सुचवतं. पाय, चोच आणि चालण्याची ढब तुम्ही बघायची. चिखल्या धावतो, थांबतो, टोचतो, पुन्हा धावतो. टिलवा शिलाई मशीनसारखा न थांबता टोचत राहतो. सँडरलिंग लाटेच्या मागे धावतो आणि लाट वळली की पुढे. एवढं तीन तासांत बघून घेतलंत तर त्या दिवशी नावं नाही आली तरी चालतील. "वीस प्रजाती झाल्या, चला निघू" म्हणणाऱ्यांबरोबर मी जात नाही.

पायात अभ्यासकांनी लावलेली रंगीत पट्टी, झेंडी दिसली तर रंग आणि अक्षरं लिहून घ्या आणि बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. बाकी दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. "वीस पट झूम" वगैरेच्या नादाला लागू नका, हात हलतो. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. पुळणीवर गाडी घालू नका. दर मोसमात कोणाची तरी गाडी ओल्या वाळूत रुतते, चाकं फिरवून आणखी खोल जाते, आणि मग भरती येते.

किल्ल्यात रेंगाळणं

कुलाबा किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, चहूकडे खारं पाणी असून गोड्या पाण्याचा साठा आहे, आणि उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या दोन तोफा. तासाभरात बघून होतो, पण लोक गोड्या पाण्याशी डबे उघडतात. माझा नेम असा: पाणी उतरत असताना जायचं आणि सुकतीच्या वेळेला परतीची वाट धरायची. पाणी चढायला लागल्यावर "अजून घोट्याएवढंच आहे" म्हणत निघणाऱ्यांना मी गुडघ्यावर, मग कमरेवर गेलेलं बघितलंय. अडकलात तर तटावर बसून राहा, होडीवाल्याची वाट बघा, पाण्यात उतरू नका. वाळूतून चालणं होत नसेल तर सुकतीला घोडागाडी मिळते. जाताना डावी-उजवीकडचे खडक बघा, समुद्र बगळे तिथे हमखास.

जेवणाचं आधी न सांगणं

घरगुती खानावळीत एक वाजता सहा जण उभे राहायचे आणि "मासे नाहीत?" म्हणून तोंड वाकडं करायचं. त्या बाईंनी काय सकाळी तुमच्या नावाने होडी पाठवायची होती? आठ वाजता फोन करावा, माणसं किती, शाकाहारी किती ते सांगावं. जिताडा मिळाला तर खा, नाहीतर जे असेल ते खा. थंडीत कोणी पोपटीला बोलावलं तर पक्षी गेले उडत, आधी तिकडे जा. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, आत अंडी नाहीतर कोंबडी, आणि बाहेरून जाळ. ती दुकानात मिळत नाही, ओळखीतच मिळते.

गाव न बघता निघणं

आक्षीतला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानतात. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला आणि मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांपैकी एक. वर्षावरून अभ्यासकांचे वाद आहेत, ते असोत. पूर्वी रस्त्याकडेला बेवारशासारखा होता, आता नीट बसवून ठेवलाय. माणसं त्याच्या शेजारून गाडीने पुळणीवर जातात आणि विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे?

अलिबागमध्ये कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे आणि त्यांनी १७२० मध्ये बांधलेला हिराकोट. १९०४ पासून चालणारी चुंबकीय वेधशाळाही आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या कुलाबा वेधशाळेची मोजमापं बिघडतील, तर ती इथे हलवली. ज्या गावात पृथ्वीचं चुंबकत्व मोजतात त्या गावावरून "अलिबागसे आया है क्या" म्हणायची रीत पडली, आणि २०१९ मध्ये ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. कोर्टाने याचिका फेटाळली. मला विचाराल तर हो, मी अलिबागहूनच आले, आणि भरतीची वेळ बघून आले.

बाजारात फेब्रुवारीनंतर गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. रस्त्याकडेला माळा टांगलेल्या दिसतात, पण "अलिबागचा" म्हणून दुसराच कांदाही खपवतात. खरा चपटा आणि गोडसर असतो, कच्चा खाऊन बघायला मागा.

शेवटच्या बोटीवर विसंबणं

रविवारी संध्याकाळी मांडव्याची रांग बघून पोटात गोळा येतो. मी शेवटच्या बोटीच्या आधीची दुसरी बोट धरते, म्हणजे एक भरली तर एक हातात राहते. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा वाट रस्त्याची, नाहीतर भाऊच्या धक्क्याच्या रो-रो बोटीची. बोट चुकलीच तर चिडचिड नको, अलिबाग एसटी स्टँडवरून पनवेलची गाडी मिळते. वडखळला खोळंबा होणार हे धरून चालायचं. मागच्या मार्चमध्ये माझी बोट चुकली. कांद्याची माळ मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. धरमतरच्या पुलावर गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली, खाली सुकती, चिखल उघडा, आणि त्यात शेकाट्या, लाल पायांवर, एकूण अकरा. बारावा पुलाच्या खांबाआड होता की नव्हता, हे ठरेपर्यंत गाडी हलली.